आत्याबाईंचे दोन रुपये

गेल्या दिवाळीतली गोष्ट. लक्ष्मीपूजनाची तयारी चालली होती. सूनबाई चिंचेचा कोळ घेऊन देव घासायला बसली होती आणि मी बाजूला फुलवाती करत होते. देवांबरोबर तिने देव्हाऱ्यातले चांदीचे दोन रुपयेही घासायला घेतले. घासून घासून दमली बिचारी. शेवटी म्हणाली, "आई, ही निरांजनं बघा कशी लख्ख झाली. पण हे रुपये काही केल्या उजळत नाहीत. चांदीचेच आहेत ना हो? का कुणी फसवलं आपल्याला?"

मी हसले. म्हटलं, "फसवलं खरं, पण दुकानदाराने नाही. अर्धी चांदी आहे त्यात."

"अर्धी? आणि उरलेली अर्धी?"

"बरंचसं तांबं. थोडं निकेल, थोडं जस्त."

तिचे डोळे मोठे झाले. मग फुलवाती राहिल्या बाजूला आणि मी तिला त्या दोन रुपयांची कथा सांगायला बसले. मैत्रिणींनो, तीच कथा आज तुम्हाला सांगणार आहे. कारण ती एकट्या आमच्या घराची नाही. तुमच्या कनवटीला, पर्समध्ये, डाळीच्या डब्यात जे नाणं आहे ना, त्याचीही तीच कथा आहे.

माझ्या सासूबाई, आम्ही सगळे त्यांना आत्याबाई म्हणायचो, १९४६ साली लग्न होऊन या घरात आल्या. वय वर्षं पंधरा. त्यांच्या आईने ओटीत सात रुपये घातले होते. त्यातले पाच राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचे, आणि दोन तेव्हाच्या राजाचे, १९४४ सालचे. सातही चांदीचे, सातही सारख्या वजनाचे. आत्याबाईंनी ते फडक्यात बांधून पेटीच्या तळाशी ठेवले. "बाईजवळ स्वतःचं असं काहीतरी असावं" ही त्यांच्या आईची शिकवण.

तेव्हाचा रुपया म्हणजे वजनाने बरोब्बर एक तोळा. ११.६६ ग्रॅम. म्हणून तर आपल्या आज्या डिंकाचे लाडू सांगताना "रुपयाभार सुंठ घाल" असं म्हणायच्या. रुपया हे चलनही होतं आणि स्वयंपाकघरातलं वजनही होतं. ऐंशी रुपये तराजूत घातले की एक शेर!

पुढे आला १९७२ चा दुष्काळ. आमचा भाग सातारा जिल्ह्याच्या पूर्वेचा, कायमच पावसाच्या तोंडाकडे बघणारा. त्या वर्षी विहिरी आटल्या, जनावरं दावणीला मरायला टेकली. बायका-पुरुष खडी फोडायच्या कामावर जात होते. घरात खाणारी तोंडं नऊ. आत्याबाईंनी पेटी उघडली आणि फडकं घेऊन सराफाकडे गेल्या.

सराफाने एकेक रुपया हातात घेतला, फरशीवर टाकून वाजवून बघितला. पाच रुपये एका बाजूला ठेवले आणि दोन आत्याबाईंकडे सरकवले. म्हणाला, "वहिनी, हे दोन राहू द्या. ह्यात निम्मीच चांदी आहे. गाळून काही हाताला लागायचं नाही."

आत्याबाईंना ते पटेना. सातही आईने दिलेले, सातांवरही 'एक रुपया' असंच छापलेलं. मग पाच खरे आणि दोन खोटे कसे? त्या पाच रुपयांत घरात ज्वारी आली. दोन रुपये तसेच फडक्यात परत आले. तेच हे दोन. आमच्या देव्हाऱ्यातली लक्ष्मी म्हणजे सराफाने नाकारलेले रुपये!

पुढे कितीतरी वर्षांनी मला त्याचा उलगडा झाला. राणीछाप रुपयात शंभरातले जवळजवळ ब्याण्णव भाग शुद्ध चांदी असायची. १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं, तशी लोकांनी चांदीचे रुपये दडवून ठेवायला सुरुवात केली. चांदी महागली, मिळेनाशी झाली. म्हणून १९४० मध्ये सरकारने रुपयाचं वजन तेवढंच ठेवलं, पण चांदी केली शंभरात पन्नास. उरलेल्यात चाळीस भाग तांबं, पाच भाग निकेल आणि पाच भाग जस्त. आत्याबाईंच्या आईच्या हातात पडलेले दोन रुपये हे त्या काटकसरीतले.

मी बी.ए.ला असताना अर्थशास्त्रात ग्रेशॅमचा नियम घोकला होता. हलकं नाणं भारी नाण्याला व्यवहारातून हुसकावून लावतं. परीक्षेपुरता पाठ केला आणि विसरले. पण विचार करा, तुमच्याकडे एक कोरी साडी आणि एक विटकी साडी असेल, तर रोज घासायला तुम्ही कुठली काढाल? विटकीच ना? नाण्याचंही तसंच. चांगल्या धातूचं नाणं लोक पेटीत ठेवतात किंवा गाळतात आणि हलकं हातोहात फिरवतात. आमच्या घरात पाच राणीछाप रुपये सोनाराच्या मुशीत गेले आणि दोन हलके उरले. नियम पुस्तकात होता, पुरावा देव्हाऱ्यात!

त्यानंतर चांदी नाण्यांमधून गेलीच. १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला. युद्धाच्या काळात सरकारने अमेरिकेकडून उसनी चांदी घेतली होती, ती परत करायची होती. आपण शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणतो आणि महिनाअखेरीला परत करताना डबा खरवडतो, तशातलाच प्रकार.

युद्धाची झळ लहान नाण्यांनाही लागली होती. भोकाचा पैसा आठवतो का कुणाला? माझ्या पिढीने तो धाकट्या भावंडांच्या करदोट्यात ओवलेला पाहिला. मला लहानपणी वाटायचं, दोरा ओवता यावा म्हणून सरकारने मुद्दाम भोक ठेवलं असेल! १९४३ ते १९४७ या काळातलं ते नाणं. मधला धातू काढून घेतला, तेवढा वाचला. वाटोळा ढब्बू पैसा जवळजवळ पाच ग्रॅमचा असायचा, हा भोकाचा फक्त दोन ग्रॅमचा.

माझं स्वतःचं बालपण गेलं अ‍ॅल्युमिनियमच्या नाण्यांत. १९५७ च्या एप्रिलपासून आणे-पै जाऊन नवे पैसे आले होते. पुढे साठच्या दशकात तांबं, निकेल महागत गेलं, तशी सरकारने लहान नाणी अ‍ॅल्युमिनियमची करायला घेतली. १९६४ चं षटकोनी तीन पैशाचं नाणं त्यातलं पहिलं. एक पैसा चौकोनी, पाऊण ग्रॅमचा. आम्ही पोरी हौदाच्या पाण्यावर तो अलगद ठेवायचो, श्वास रोखून. बुडला नाही की टाळ्या! आत्याबाईंना मात्र ती नाणी कधी आवडली नाहीत. "हे काय पैसे? फुंकर मारली तर उडतील," म्हणायच्या. एक, दोन आणि तीन पैशांची नाणी सत्तरच्या दशकात हळूहळू पाडायची बंद झाली. त्यात येणार तरी काय होतं!

मग आलं स्टील. १९८८ मध्ये दहा, पंचवीस आणि पन्नास पैसे स्टेनलेस स्टीलचे झाले आणि १९९२ मध्ये रुपयाही. गंमत बघा, आपल्या घरातही त्याच सुमाराला पितळी डबे मोडीत निघून स्टीलचे आले होते. कल्हई नको, चिंच नको, राख नको. सरकारने नाण्यांचं केलं तेच आपण फडताळाचं केलं.

आता नुसत्या रुपयाचं वजन कसं घटत गेलं ते एका ओळीत वाचा. चांदीचा ११.६६ ग्रॅम. १९६२ नंतरचा निकेलचा १० ग्रॅम. १९७५ पासून तांबं-निकेलचा ८ ग्रॅम. १९८३ पासून ६ ग्रॅम. १९९२ चा स्टीलचा ४.८५ ग्रॅम. २०११ चा ३.७९ ग्रॅम. आणि २०१९ मध्ये जाहीर झालेला नवा रुपया ३.०९ ग्रॅम. एक रुपया म्हणजे एक तोळा होता. आता तोळा भरायला जवळजवळ चार रुपये लागतात. आजीच्या लाडवात आजचा 'रुपयाभार' सुंठ घातली, तर लाडू गोडच लागायचे!

सरकार एवढा कंजूसपणा का करतं, असं सूनबाईने विचारलंच. मी म्हटलं, "तू महिन्याचं सामान भरतेस तेव्हा किलोमागे दोन रुपये वाचले तर वाण्याचं दुकान बदलतेस ना? मग कोट्यवधी नाणी पाडणाऱ्याने काय करावं?" २०११ मध्ये रुपयाचं वजन ४.८५ वरून ३.७९ ग्रॅम झालं, म्हणजे नाण्यामागे एक ग्रॅमहून थोडं जास्त वाचलं. तुम्ही-आम्ही त्याला चिमूटभर म्हणू. पण एक कोटी नाणी पाडली की त्या चिमटीचे होतात दहा हजार सहाशे किलो. दहा टनांहून जास्त स्टील!

आणि खर्च तर आहेच. २०१८ मध्ये माहितीच्या अधिकारात विचारलेल्या प्रश्नाला टांकसाळीने उत्तर दिलं होतं, की एक रुपयाचं नाणं पाडायला १ रुपया ११ पैसे लागतात. दोन रुपयांच्या नाण्याला १ रुपया २८ पैसे, पाचाच्या नाण्याला ३ रुपये ६९ पैसे आणि दहाच्या नाण्याला ५ रुपये ५४ पैसे. म्हणजे रुपया बनवायलाच रुपयापेक्षा जास्त! तरी तो बनवावा लागतो, कारण नाणं एकदा पाडलं की वर्षानुवर्षं हजारो हातांतून फिरतं. कागदी नोट मळते, फाटते, तिला चिकटपट्टी लावावी लागते. म्हणूनच नव्वदच्या दशकात एक, दोन आणि पाच रुपयांच्या नोटांची जागा हळूहळू नाण्यांनी घेतली.

खर्चापेक्षा मोठं भय वेगळंच असतं. नाण्यातला धातू नाण्याच्या किमतीपेक्षा महाग झाला, की लोक ते गाळायला बसतात. आमच्या पाच राणीछाप रुपयांचं झालं तेच. २००७ मध्ये कोलकात्याहून बातम्या आल्या होत्या, की आपली नाणी चोरून बांगलादेशात नेतात आणि गाळून दाढीची पाती करतात. त्या भागात सुट्या पैशांची चणचण झाली होती. आपल्याकडे २०११ च्या नाणे कायद्यात नाणं वितळवायला किंवा नष्ट करायला मनाई आहे, त्याला शिक्षाही आहे. पण निव्वळ कायद्याने भागत नाही. गाळून काही फायदाच होऊ नये इतकं नाणं स्वस्त करायचं, हा त्यावरचा खरा बंदोबस्त. पाचाचं जाडजूड तांबं-निकेलचं नाणं ९ ग्रॅमचं होतं, ते २००७ मध्ये स्टीलचं आणि ६ ग्रॅमचं झालं. मग २००९ पासून पिवळसर, निकेल-पितळेचं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. माझी भाची लग्न होऊन अमेरिकेत गेली. तिकडचा एक सेंट, ज्याला ते पेनी म्हणतात, पूर्वी तांब्याचा होता. १९८२ मध्ये तो जस्ताचा झाला आणि वर नुसता तांब्याचा मुलामा राहिला. तरीही परवडेना. २०२४ मध्ये एक सेंट पाडायला साडेतीन सेंटांहून जास्त खर्च येत होता. शेवटी नोव्हेंबर २०२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत व्यवहारासाठीचा शेवटचा सेंट पाडला गेला. भाचीने फोनवर सांगितलं, "मावशी, इथे काचेच्या बरण्या भरून पेनी पडलेत घरोघरी. कुणी वाकून उचलतही नाही." श्रीमंतांच्या देशातही डब्यात चिल्लर साठतेच म्हणायची!

इथपर्यंत ऐकून सूनबाई म्हणाली, "मग बरोबरच आहे की सरकारचं. धातू स्वस्त केला तर बिघडलं काय? रुपया तो रुपयाच."

तिचं खरं होतं. मीही कितीतरी वर्षं असंच म्हणत होते. पण मग मी तिला २००८ सालातला बाजारचा दिवस सांगितला. तो सांगताना माझा आवाज जरा कापला, कारण त्यात माझीही चूक आहे.

आत्याबाई तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांच्या. काचबिंदूने डोळे जवळजवळ गेलेले, उजेड-अंधार तेवढा कळायचा. पण आठवड्याचा बाजार त्या स्वतः करायच्या. काठी टेकत, गल्लीतल्या एखाद्या पोराला बरोबर घेऊन. भाजी वासावरून आणि बोटांनी पारखायच्या, आणि पैसेही बोटांनीच मोजायच्या. त्यांचा हिशेब ठरलेला होता. दोन रुपयांचं नाणं कोनाकोनाचं, त्याला अकरा बाजू. पाचाचं जाड. रुपया गोल. आठ आणे गोल, पण लहान. कनवटीच्या पिशवीत हात घातला की हवं ते नाणं बोटावर चढून यायचं. आम्हा डोळसांपेक्षा त्यांचा हिशेब पक्का!

मग सरकारने दोन रुपयांचं नाणंही स्टीलचं केलं. कोन गेले, नाणं गोल झालं. रुपया २५ मिलिमीटरचा आणि दोन रुपये २७ मिलिमीटरचे. दोन मिलिमीटरचा फरक, म्हणजे किती? नखाच्या कडेएवढा. २००७ च्या नाण्यांवर तर चित्रं काढली होती. रुपयावर वर केलेला अंगठा, दोन रुपयांवर दोन बोटं. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावं, असा त्यामागचा विचार दिसतो. चांगलाच विचार होता तो. पण ते चित्र डोळ्यांना दिसायचं होतं, बोटांना नाही.

त्या दिवशी आत्याबाईंनी सहा रुपयांची वांगी घेतली आणि तीन नाणी दिली. भाजीवाली म्हणाली, "आजी, पाचच दिलेत. एक रुपयाचं हाय ह्यातलं."

आत्याबाई म्हणाल्या, "दोनाचीच तीन दिलीत. नीट बघ."

"मी कशाला खोटं बोलू? तुम्हीच बघा की."

आता त्या काय बघणार? चार माणसं जमली. कुणीतरी पोरगं फिस्सकन हसलं. "म्हातारीला दिसत न्हाय आन् बाजाराला येती," म्हणालं. आत्याबाईंनी वांगी तिथेच ठेवली आणि घरी आल्या. कनवटीची पिशवी सोडून खुंटीला अडकवली. मी विचारलं तर एवढंच म्हणाल्या, "आता पैसं वळखू येईनात. तूच जात जा."

आणि मी काय म्हणावं? मी म्हटलं, "बरं झालं. तुम्ही कशाला या वयात दगदग करता, मी आहे ना!" मला वाटलं, मी किती गुणाची सून. आज कळतं, त्यांना दगदगीचा त्रास नव्हताच. स्वतःचा व्यवहार स्वतः करणं ही त्यांची शेवटची राहिलेली सत्ता होती. दोन मिलिमीटरने ती काढून घेतली, आणि मी दार लावून घेतलं. मी चार नाणी त्यांच्या हातात देऊन, "आत्याबाई, हे कडेने असं चाचपा, हे असं" करत आठ दिवस बसले असते तर? जमलंही असतं. पण मला सुचलं नाही. खरं सांगायचं तर, सुचवून घ्यायला मला वेळ नव्हता.

त्यानंतर त्या दुपारी देव्हाऱ्यासमोर बसायच्या आणि ते दोन चांदीचे रुपये हातात घेऊन अंगठ्याने घासत राहायच्या. एकदा म्हणाल्या, "सराफ म्हणला, ह्यात निम्मीच चांदी हाय. असू दे. पर हे मला अजून वळखत्यात."

२०११ मध्ये आणखी एक प्रसंग झाला. सरकारने जाहीर केलं, पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनात राहणार नाहीत. आत्याबाईंचा एक डबा होता, पावल्यांचा. गेंड्याचं चित्र असलेली ती स्टीलची पावली आठवते ना? भाजीतून, दुधातून उरलेली एकेक पावली त्यात पडायची. मी डबा घेऊन बँकेत गेले. खिडकीतल्या माणसाने कपाळाला आठ्या घातल्या. "हे मोजत कोण बसणार बाई?" म्हणाला. मी म्हटलं, "मी बसते, तुम्ही फक्त बघा." तिथल्या बाकावर बसून चार-चारच्या चळती लावल्या. दोनशे बारा पावल्या. त्रेपन्न रुपये.

एक पन्नासाची नोट आणि तीन नाणी आत्याबाईंच्या हातात ठेवली. त्यांनी नोट चाचपली, मग रिकामा डबा हलवून बघितला. अर्ध्या किलोच्या वर वजन होतं त्यात सकाळी. म्हणाल्या, "एवढ्या वजनाचे एवढेच?" मग जरा थांबून म्हणाल्या, "चांदी ठेवली ती दुष्काळात कामी आली. हे ठेवलं ते कशाच्याच कामी नाही आलं."

त्या २०१५ मध्ये गेल्या. पण त्यांचं ते वाक्य मी आमच्या बचत गटात आजही सांगते. पूर्वी नाण्यात त्याची किंमत होती. आता नाण्यात फक्त सरकारचा शब्द आहे. शब्द खरा आहे, त्याला बाजारात मान आहे, पण तो डब्यात कोंडून ठेवला तर वाढत नाही, उलट महागाई त्याला आतून खात राहते. म्हणून बायांनो, चिल्लर डब्यात साठवू नका. महिन्याच्या महिन्याला खात्यात भरा, गटात भरा, पोस्टात भरा. आणि सरकार एखादं नाणं बंद करतं तेव्हा मुदत देतं, ती तारीख चुकवू नका.

आणखी एक. सरकारचा शब्द खरा असताना दुकानदाराने तो खोटा पाडायचा नाही! आमच्या गटातल्या बायका दहा रुपयांची नाणी घेऊन दुकानात जातात आणि "हे चालत नाही, नकली आहे" असं ऐकून परत येतात. का? तर म्हणे, वेगवेगळ्या चित्रांची आहेत. अहो, चित्र बदललं म्हणून नाणं खोटं होत नाही. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच सांगितलं, की दहाच्या नाण्याचे तोवर निघालेले चौदाही नमुने खरे आहेत. पन्नास पैशांचं नाणंही अजून कायद्याने चालतं, ते फक्त आपण चालवायचं सोडलं आहे. दुकानदार नाही म्हणाला तर ठामपणे सांगा. घाबरायचं काय त्यात?

आता थोडी गंमत. घरातली चिल्लर ताटात ओता, मुलांना जवळ बोलवा आणि फ्रीजवर चिकटवायचं लोहचुंबक घ्या. स्टीलचा रुपया टुणकन चिकटेल. पाचाचं जुनं जाड नाणं चिकटणार नाही, कारण ते तांबं-निकेलचं. पिवळंही चिकटणार नाही. मग भिंग घेऊन वर्षाच्या आकड्याखाली बघा. हिऱ्यासारखी खूण असेल तर नाणं आपल्या मुंबईच्या टांकसाळीतलं, फोर्टातलं. चांदणी असेल तर हैदराबादचं, ठिपका असेल तर नोएडाचं आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. आमची नात या खेळात तासभर रमली, मोबाईल विसरून!

पण शेवटी मी तिला अजून एक खेळ शिकवला. डोळे मिटायचे आणि नुसत्या बोटांनी नाणी ओळखायची. ती पहिल्या फेरीत सपशेल हरली. जुनी-नवी नाणी एकत्र असली की भलेभले हरतात. करून बघा.

मार्च २०१९ मध्ये सरकारने नवी मालिका जाहीर केली. ती करताना दृष्टिहीनांचा विचार केला होता, ही चांगली गोष्ट. कमी किमतीकडून जास्त किमतीकडे जाताना नाण्याचा आकार आणि वजन वाढत जावं, हे त्यामागचं सूत्र. वीस रुपयांचं नाणं तर बारा बाजूंचं केलं आहे. नाणं हलकं झालं, स्वस्तही झालं, आणि तरी बोटांना कळेल अशी काळजी घेतली. म्हणजे जमतं की! काटकसर आणि माणुसकी एका ताटात बसू शकतात. फक्त पाडायच्या आधी विचारायचं, की हे नाणं कुणाच्या हातात जाणार आहे.

परवा माझ्याही उजव्या डोळ्याला मोतीबिंदू सांगितला डॉक्टरांनी. घरी आल्यावर देव्हाऱ्यापुढे बसले आणि डोळे मिटून बाराकोनी नाणं बोटांत फिरवलं. कोन लागले. बरं वाटलं. आत्याबाईंना हे मिळायला हवं होतं.

सूनबाई मागे येऊन उभी होती. माझ्या हातात तिने बाजाराची पिशवी दिली आणि म्हणाली, "आई, उद्या बाजार आहे. तुम्ही जाताय ना? मी येते बरोबर, पण पैसे तुम्हीच द्यायचे."

ते दोन रुपये मी परत देव्हाऱ्यात ठेवले. काळपट दिसतात, दिसू देत. चिंच लावायची नाही असं आता आमचं ठरलं आहे.